डांगराची पहिली चीर

भरल्या डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, काम ठरवायला कुणाचा फोन आला, की माणसं किती, गाव कोणतं, पाण्याची सोय काय, हे विचारण्याआधी मी एक गोष्ट सांगून टाकतो. डांगर बाई फोडेल. पहिली चीरही तीच देईल, आणि मांडवाच्या मागं लपून नाही, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून देईल. पलीकडचा माणूस म्हणतो, घरात विचारून सांगतो. पुष्कळांचा फोन परत येत नाही. न येवो. या अटीपायी मी इतकी कामं घालवली आहेत, की माझा मेहुणा विश्वनाथ, जो माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम करतो, तो हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतो. तरी अट मागं घेणार नाही. का घेणार नाही ते एकदा छापून यावं, म्हणून या अंकाच्या संपादकांना मी स्वतः होऊन विचारलं. त्यांना वाटलं मी पाककृती देईन. पाककृतीही देतो, पण तेवढीच देता येणार नाही.

युसूफ वडगाव हे माझं गाव. आमचं किराणा दुकान होतं. दुकानात बसण्यापेक्षा दुकानातल्या मालाचं पुढं काय होतं याचीच मला जास्त ओढ, म्हणून तिशीत आचारी झालो. आम्ही लिंगायत, घरात मांसमच्छी नाही. थंडीच्या दिवसांत शेजारीपाजारी रस्स्याचे बेत व्हायचे, तेव्हा आमच्याकडे आई चुलीच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, अख्खं डांगर भाजायची. ते भाजलेलं डांगर मी मोठं केलं, त्यात सारण भरलं आणि पंगतीत आणलं. केज, पाटोदा, कडा या पट्ट्यात भरल्या डांगराचा आचारी म्हणून मला ओळखतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

काम समजावून सांगतो. डांगर तीन किलोच्या आसपासचं घ्यावं. देठ वाळून लाकडासारखा झालेला हवा, सालीत नख रुतता कामा नये आणि हातात घेतल्यावर ते दिसतं त्याहून जड लागलं पाहिजे. देठाभोवती वाटीएवढं टोपण कापायचं. सुरा सरळ घातला तर टोपण आत पडतं, म्हणून तो तिरका धरून आतल्या बाजूला झुकवत न्यायचा. बिया आणि धागे खरवडून काढायचे, आतून मीठ-तिखट चोळायचं. सारणाला भिजवून जाडसर वाटलेली हरभऱ्याची डाळ, अर्ध्या शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, शेंगदाण्याचं कूट, भाजलेले तीळ, खोबरं, परतलेला कांदा आणि भरपूर लसूण. वरून येसर, म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेली आमच्याकडची काळपट पूड. चिंचेचा कोळ आणि जरासा गूळ. डांगर मुळात गोड असतं, त्यामुळे सारण तिखट-आंबटच हवं. पाऊणच भरायचं, कारण कण्या फुगतात. टोपण बसवून कडा कणकेने लिंपायच्या. मग जमिनीत खणलेल्या चरात गोवऱ्यांचा आणि बाभळीचा आर पाडून, राखेचा थर देऊन डांगरं ठेवायची, वरूनही आर ओढायचा आणि दोन तास हात लावायचा नाही. साल जळून काळी होते. ती आपली हंडी. आत गर लोण्यासारखा होतो.

टोपणाशेजारी दाभणाने एक भोक पाडायला विसरू नये. हे मी पाटोद्याच्या एका बेकरीत शिकलो. सुरुवातीला चराची अक्कल नव्हती, म्हणून पाव काढून झाल्यावर उरलेल्या धगीवर सहा डांगरं भाजून द्या, अशी मी बेकरीवाल्या चाचांना गळ घातली. लिंपण इतकं पक्कं केलं होतं की वाफेला जागाच नव्हती. एक डांगर भट्टीत फुटलं आणि सारण छतापर्यंत गेलं. चाचा केसांतली डाळ काढत शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुमने भोपला लाया था कि बम?" त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या पावाला येसरचा वास येत होता, असं गिऱ्हाइकं सांगायची. तक्रार मात्र कुणी केली नाही.

आता चिरेचं सांगतो. आमच्याकडे बाई अख्खं डांगर फोडत नाही. कोहळ्याचा बळी देतात आणि डांगर त्याच्याच जातीतलं, म्हणून त्यात जीव धरतात. काही घरांत डांगर म्हणजे घरातला थोरला असंही मानतात. बाईने फोडलं तर थोरल्याला बाधतं. यावर तोडगाही आहे. पुरुषाने नुसती एक चीर द्यायची, पुढचं सगळं बाईने केलेलं चालतं. एका लग्नात चीर घरच्याच पुरुषाची हवी होती आणि ते सगळे नवरदेवाला आणायला गेलेले, म्हणून खाटेवर झोपलेल्या आजोबांना उचलून आणलं, त्यांच्या थरथरत्या हातात सुरा दिला आणि आमच्यातल्या एकाने मनगट धरून चाळीस डांगरांवर चाळीस ओरखडे काढून घेतले. आजोबा मध्येच विचारत होते, "कशाचं मतदान हाय?" आम्ही सगळे हसलो. मी तर हा किस्सा पुढं कितीतरी मांडवांत सांगितला. हसण्यासारखं आहे एवढं मला कळत होतं. तरीही मी ते चालवून घेत होतो.

त्या चाळीस ओरखड्यांभोवती नीट टोपणं कापली ती गयाबाईने. गयाबाई आमच्या शेजारच्या वस्तीवरची. लग्नानंतर चौदा-पंधरा हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊस तोडला. मग नवऱ्याची पाठ गेली आणि तो घरी बसला. मी तिला भाजी चिरायला घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या हाताकडे बघत राहिलो. कोयत्याने तयार झालेला हात, एकदा ठरवलेला कोन शेवटपर्यंत हलायचा नाही. माझी टोपणं दहात दोन आत पडायची, तिचं एकही पडत नसे. तिला या कामाची गरज माझ्यापेक्षा जास्त होती, कारण ऊस आणि लग्नं एकाच हंगामात येतात. माझ्याकडे काम आहे म्हणून तिला फडावर जावं लागत नव्हतं, आणि ती गावात राहते म्हणून तिची मुलगी नववीच्या वर्गात बसत होती. हे मला माहीत होतं. पुढं मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

पाटोद्याजवळच्या एका गावात मोठ्या घरचं लग्न होतं. याही वेळी चाळीस डांगरं. सकाळी गोवऱ्या कमी निघाल्या, म्हणून विश्वनाथ टेम्पो घेऊन आणायला गेला. चीर तोच द्यायचा. आधी लावलेला आर पडायला लागला होता आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सारणात होते. गयाबाईने डांगरं पुसून ओळीत लावली आणि विचारलं, चीर कोण देणार, विश्वनाथभाऊ न्हाईत.

मी म्हणालो, "दे तूच. कोण बघतंय."

"मीच देऊ?" तिने परत विचारलं.

"दे म्हणतो ना."

हात धुऊन चाळीस ओरखडे काढायला मला पाच मिनिटं लागली असती. धुतले नाहीत, कारण हे सगळं खूळ आहे असं मला मनातून वाटत होतं. पण खूळ आहे असं उघड म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून 'कोण बघतंय'. बघत होती यजमानांची बहीण, घरातल्या पोरांच्या आत्याबाई. पाणी प्यायला मागच्या बाजूला आल्या, उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

पंगत चांगली झाली. लोकांनी डांगर मागून घेतलं. दुसऱ्या पंगतीत यजमानांचे थोरले भाऊ जेवता जेवता एका बाजूला कलले. त्यांना उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं. त्यांना रक्तदाब होता आणि लग्नाच्या गडबडीत तीन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे त्यांच्या मुलाने मला पुढं सांगितलं. तेव्हा मांडवात कुणी गोळ्यांबद्दल विचारलं नाही. आत्याबाई पाच-सहा बायका घेऊन माझ्याकडे आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "आचारी, डांगर कुणी फोडलं?"

गयाबाई माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मी सारणात गुंतलो होतो. बाईनं कधी फोडलं, मला दिसलं न्हाई."

तिने हातातला सुरा परातीत ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि एसटी धरायला सडकेकडे चालू लागली. मी तिला थांबवलं नाही. सारणाचं पातेलं घासत राहिलो. ते काही माझं काम नव्हे.

त्या एका वाक्याने माझं काहीच बिघडलं नाही. उलट, अप्पा सरळ माणूस, बाईनंच परस्पर केलं, असं बोललं गेलं आणि कामं वाढली. गयाबाईला मात्र पाटोद्यापासून केजपर्यंत कुठल्याच आचाऱ्याने उभं केलं नाही. मीही बोलावलं नाही. दुसऱ्या आचाऱ्यांना नावं ठेवायला मला तोंडच नाही. पुढच्या हंगामात ती भावाच्या टोळीत ऊस तोडायला गेली आणि भाकरी करायला मुलीला बरोबर नेलं. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. असे चार हंगाम गेले. ती एसटी थांब्यावर दिसली की मी गाडी दुसऱ्या बाजूने घ्यायचो. घरात शिवलिंगाची पूजा करताना बेलपान वाहायचो आणि मनात तेच वाक्य यायचं, मला दिसलं न्हाई. बायकोला सुद्धा मी खरं सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याच घरून फोन आला. धाकट्या मुलाचं लग्न, तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच तिथीला. डांगर पाहिजेच, पाहुणे अजून नाव काढतात. फोन ठेवता ठेवता यजमान म्हणाले, "तेवढी ती बाई आणू नका, अप्पा."

मी बरं म्हणालो. बरं म्हणून झाल्यावर मला तिथंच बसवेना. मोटारसायकल काढली आणि गयाबाईच्या वस्तीवर गेलो. अंगणात फडावर न्यायचं सामान बांधून ठेवलं होतं. ताडपत्री, तवा, दोन पातेली. टोळी त्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी निघणार होती. मी उभ्यानेच सगळं कबूल केलं आणि मला रडू फुटलं. ती ताडपत्रीची दोरी आवळत राहिली.

"रडू नका," ती म्हणाली. "माज्या दारात रडून माजा काय उपेग हाय? जिथं बोललता तिथं जाऊन बोला. मी येते संगं."

मी यजमानांना उलटा फोन करून कल्पना द्यायला हवी होती, असं विश्वनाथ अजून म्हणतो. दिली नाही. दिली असती तर त्यांनी दुसरा आचारी बघितला असता आणि मला न बोलता सुटायला वाट मिळाली असती. मला मी चांगला ओळखतो.

लग्नाच्या सकाळी विश्वनाथच्या टेम्पोतून गयाबाई आणि मी उतरलो. मांडवात बायका-पुरुष चहा घेत होते. एका कोपऱ्यात खुर्चीवर थोरले भाऊ, हातात काठी. आत्याबाईंनी गयाबाईला बघितलं आणि कप खाली ठेवला. कुणी काही बोलायच्या आत मी चराजवळ उभा राहिलो आणि पाठ करून आणलेलं मोठ्याने म्हणालो. चार वर्षांमागं या मांडवात मी खोटं बोललो. चीर द्यायला मीच सांगितलं होतं. तिने मला दोनदा विचारलं होतं. तिचा दोष नाही, सगळा दोष माझा आहे, तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

मला वाटलं, झालं. आत काहीतरी मोकळं होऊ लागलं होतं.

"दोष कशाचा, अप्पा?" गयाबाई मागून म्हणाली.

मी वळून बघितलं.

"दोष माज्या डोक्यावरून काढला आन सोताच्या डोक्यावर ठिवला. पन डांगर फोडन्यात दोष हाय, हे तुमीबी धरूनच चाललाव. तुमी सांगितलं म्हनून न्हाई फोडलं मी. मला फोडता येतं म्हनून फोडलं. या मांडवात माज्यावानी कुनाला येत आसंल तर त्यानं म्होरं यावं."

चार वर्षं मी जे ओझं वाहत होतो त्यातलं अर्धं विनाकारणचं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. माझा गुन्हा एकच, मी खोटं बोललो. डांगर फोडण्याची माफी मागायचं कारणच नव्हतं, आणि मी ती मागत होतो. तिच्या वतीने मागत होतो.

मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात थोरल्या भावांनी काठी आपटली. त्यांची जीभ अजून जड आहे, एकेक शब्द ओढून बोलतात.

"मी गोळ्या खाल्ल्या न्हवत्या," ते म्हणाले. "तीन दिस. चार वर्सं झाली सांगतोय. या घरात गोळीपेक्षा डांगरावर भरवसा."

"तुमी गप बसा, दादा," आत्याबाई म्हणाल्या.

एक सून हसू दाबायला पदर तोंडाला लावून आत पळाली. यजमान माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, की अप्पा, दुपारी चारशे माणूस येणार आहे, आता हा विषय काढायची वेळ आहे का. विश्वनाथ चीर देईल, पुढं बाईने केलं तरी चालेल, मिटवून टाका. हाच तो जुना तोडगा. चार वर्षांपूर्वी मी तो आनंदाने घेतला असता.

मी म्हणालो, "चीर हीच देणार. नसंल चालत तर आम्ही दोघंबी सामान भरतो. चारशे माणसाला तुमी काय घालायचं ते घाला."

माझ्या आयुष्यात यजमानाशी असं बोललो ते पहिल्यांदा. आवाज फाटलेला होता, पण शब्द मागं घेतले नाहीत. यजमान कपाळाला हात लावून उभे राहिले. शेवटी त्यांच्या मंडळी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. त्या बाईंचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. गयाबाईला म्हणाल्या, "बसा तुमी. मला बघायचंय टोपण कसं काढता ते."

गयाबाईने मांडवाच्या मधोमध पोतं अंथरलं, पहिलं डांगर मांडीपाशी घेतलं, देठ डाव्या हातात धरला आणि सुरा तिरका घातला. एका फेरीत टोपण सुटलं. तिने ते उचलून परत बसवलं, हलवून दाखवलं. जागचं हललं नाही. मांडवात आणखी दोघी-तिघी पुढं सरकून बसल्या. चाळीस डांगरं व्हायला तासभरही लागला नाही.

सगळ्यांनी खाल्लं असं खोटं लिहिणार नाही. आत्याबाईंनी वरणभात घेतला आणि आमच्याकडे पाठ करून जेवल्या. त्यांच्या ओळीतल्या बऱ्याच जणांनी डांगर ताटात घेतलं नाही. नऊ डांगरं टोपण न उघडता तशीच उरली. थोरल्या भावांनी मात्र डाव्या हाताने खाल्लं आणि परत मागितलं. एवढ्यावर कुणी बदललं वगैरे मी म्हणत नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत माझी किती कामं गेली ते वर सांगितलंच आहे.

पंगती उठल्यावर मी चरातली राख ओढत होतो. गयाबाई हात धूत होती. कड्याहून आलेल्या एक पाहुण्या बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात नातवाचं जावळ होतं, दोनशे माणूस. मी सवयीने उठून उभा राहिलो, हात पुसले आणि माणसं किती, पाणी कुठून, असं विचारायला तोंड उघडलं. बाई माझ्या पुढून गेल्या आणि गयाबाईसमोर थांबल्या. डांगर तुमी करून द्याल का, असं त्यांनी तिला विचारलं.

टोळी तिसऱ्या दिवशी निघणार होती. सामान बांधलेलं होतं. गयाबाईने हात पदराला पुसले. मग म्हणाली, देते करून. बाई गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"सारन मला येतं. चिरायचं तर येतंच," ती म्हणाली. "चर खनून आर सांबाळायला मानूस पायजे. येताव का?"

मी म्हणालो, येतो.